वॉर्डातला पेशंट खरंच ‘अचानक’ बिघडतो का?

इन्चार्जबाई

माझी सगळी नोकरी सोलापुरातल्या वॉर्डांत झाली, थोडी सरकारी, बरीचशी खाजगी. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मागे या फोरमवर आयसीयूच्या बिलांवरून बरीच जुंपली होती. त्या धाग्यात एकच वाक्य निरनिराळ्या लोकांनी लिहिलं होतं: “पेशंट चांगला बोलत होता, अचानक बिघडला.” मला बोलायचंय ते त्या ‘अचानक’बद्दल.

अमेरिकेत १९९० साली एक अभ्यास छापून आला. वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटांचे केस पेपर मागे जाऊन तपासले. त्यातल्या ५४ जणांच्या कागदांवर आधीच्या आठ तासांतच काहीतरी बिघडत असल्याची नोंद होती. कुणाला धाप लागलेली, कुणी बरळायला लागलेला. म्हणजे आठ तासांत ते कुणीतरी पाहिलं होतं, लिहिलंही होतं. पुढे काही झालं नाही.

आपल्याकडचा कुठलाही टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता घ्या आणि श्वासाचा रकाना वाचा. वरपासून खालपर्यंत २०, २०, २०, २०. न्यूमोनियाच्या आजोबांचे २० आणि हर्नियाच्या तरण्या पोराचेही २०. मुली आळशी असतात म्हणून असं होत नाही. नाडी आणि बीपी यंत्र दाखवतं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बोटाचा चिमटा दाखवतो, श्वास मात्र पेशंटजवळ उभं राहून पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एका-दोघींवर असला की पहिली काट त्या मिनिटालाच लागते.

आणि नेमका तोच आकडा सगळ्यात आधी हलतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, रक्तात आम्ल वाढतं, ते बाहेर टाकायला शरीर श्वासाचा वेग वाढवतं. फुप्फुसात काही नसलं तरी वाढवतं. बीपी बिचारं शेवटपर्यंत तग धरतं. रक्तवाहिन्या आवळून, हृदय जोरात पळवून शरीर ते सांभाळत असतं. रक्तस्रावात तर धडधाकट माणसाचं पंधरा ते तीस टक्के रक्त गेलं तरी वरचं बीपी ठीक दिसू शकतं, नाडी तेवढी शंभराच्या वर गेलेली असते. “बीपी नॉर्मल आहे” हे वाक्य ऐकून नातेवाईक निर्धास्त होतात, त्यांचं एक वेळ समजू शकते. स्टाफनेही निर्धास्त व्हावं?

आता एक पेशंट बघा. तयार केलेलं उदाहरण आहे, कुणी ओळखायला जाऊ नका. अपेंडिक्स फुटलेलं, ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास २२, सॅच्युरेशन ९५, बाहेरून ऑक्सिजन नाही, वरचं बीपी १०८, नाडी ११२, ताप १००, शुद्धीवर. एकेक आकडा वाचला तर प्रत्येकाला सबब आहे. दुखतंय म्हणून नाडी जास्त, पाणी कमी प्यायलाय म्हणून बीपी जरा कमी, ऑपरेशननंतर थोडा ताप चालायचाच.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ नावाची गुण देण्याची पद्धत काढली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. जितके गुण जास्त तितका धोका जास्त. तिच्यात या सबबींना जागा नाही. श्वास २१ ते २४ असले की २ गुण, सॅच्युरेशन ९४-९५ ला १, वरचं बीपी १०१ ते ११० ला १, नाडी १११ ते १३० ला २. ताप १००.४ च्या आत म्हणून शून्य. बेरीज ६. पाच किंवा सहा झाले की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं आणि दर तासाला पुन्हा मोजायचं. सात आणि वर गेले तर अतिदक्षतेतल्या अनुभवी माणसाला बोलवायचं, पेशंटवर सतत लक्ष. एकाच गोष्टीला ३ गुण पडले, समजा श्वास २५ किंवा जास्त, तर बाकी सगळं छान असलं तरी दर तासाला तपासणी.

सगळा खर्च एक छापील कागद आणि पेन. तरी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी हे मनापासून चालतं. का चालत नाही, यावर मला तुमचं ऐकायचंय. डॉक्टरांचं, सिस्टरांचं, आणि कॉटखाली चटई टाकून झोपणाऱ्या नातेवाईकांचंसुद्धा.

शेंगाचटणी

बाई, सोपं सांगितलंत. पण सॅच्युरेशनचा चिमटा करोनापासून आमच्या घरात पण हाय. ९८ दाखवतो. मग श्वास कशाला मोजत बसायचं?

इन्चार्जबाई

@शेंगाचटणी, कारण ९८ टिकवायला पेशंट किती मेहनत घेतोय ते चिमटा सांगत नाही. मिनिटाला १६ श्वास घेऊन आलेले ९८ वेगळे आणि ३० श्वास घेऊन आलेले ९८ वेगळे. दुसरा माणूस दमला की आकडा धाडकन खाली येतो.

चिमट्याबद्दल आणखी एक. २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. यंत्र चांगलं सॅच्युरेशन दाखवतंय आणि रक्तात प्रत्यक्षात कमी आहे, असं कृष्णवर्णीय पेशंटांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निघालं. आपण सावळी माणसं, तेव्हा ९३-९४ ला “चालतंय” म्हणताना जरा थांबावं. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, मग लावा.

रात्रपाळी

रेसिडेंट डॉक्टर आहे, कुठला ते विचारू नका. बाईंनी सिस्टरांची बाजू मांडली, आता आमची ऐका.

रात्री दोन वाजता फोन येतो, “सर, कॉट अकराचा पेशंट बरोबर वाटत नाहीये.” त्याच वेळी कॅज्युअल्टीत मंगळवेढ्याहून विष घेतलेली केस आलेली असते आणि तिसऱ्या मजल्यावर सलाईन निघालंय म्हणून मिस्ड कॉल पडलेले असतात. ‘बरोबर वाटत नाही’ यावरून आधी कुठे पळायचं ते ठरत नाही. “सर, गुण ७, चार तासांपूर्वी ३ होते” असं कुणी सांगितलं तर मी जिना उतरायला लागलेला असतो. म्हणून मला ही पद्धत हवीय.

पण दुसरी बाजूही आहे. विड्या ओढून फुप्फुसं गेलेले जुने पेशंट आमच्याकडे ढिगाने. त्यांचं घरचं सॅच्युरेशनच ८९-९०. वर दोन लिटर ऑक्सिजन लावलेला. म्हणजे सॅच्युरेशनचे ३ आणि ऑक्सिजनचे २, बसल्या जागी ५ गुण. अशा प्रत्येकासाठी फोन यायला लागला तर आठवडाभरात फोन उचलणं बंद होईल. माझंही होईल, खोटं कशाला बोलू.

इन्चार्जबाई

@रात्रपाळी, म्हणूनच सुधारलेल्या पद्धतीत सॅच्युरेशनचे दोन तक्ते आहेत. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो अशा पेशंटांसाठी दुसरा तक्ता, त्यात ८८ ते ९२ ला शून्य गुण. तुमच्या त्या आजोबांचे ५ वरून २ होतील. मात्र कुणाला दुसरा तक्ता लावायचा हे मोठ्या डॉक्टरांनी ठरवून केस पेपरवर सहीनिशी लिहायचं. सिस्टरने अंदाजाने ठरवायचं नाही.

आणि नातेवाईक मंडळी, या पेशंटांचा ऑक्सिजनचा नॉब तुम्ही फिरवू नका. “जरा वाढवला की बरं वाटतं त्यांना” म्हणून रात्री कुणीतरी वाढवतं, सॅच्युरेशन ९९ होतं, सगळे खूश, आणि आजोबा सकाळी गुंगीत. आत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो.

भुईकोट

मी बिलांच्या धाग्यात भांडलो होतो तोच. स्पष्ट बोलतो, खाजगीत “आयसीयूत घ्यावं लागेल” म्हटलं की आम्हाला आधी बिल दिसतं. एका ठिकाणी आमच्या काकूला वॉर्डातून आयसीयूत नेलं आणि कारण विचारलं तर “सिरियस आहे” एवढंच. ती बसून बोलत होती. आता ही गुणांची भानगड आली की त्याच्यावर बोट ठेवून अजून लोकांना आत टाकतील.

अक्कलकोट_लाइन

@भुईकोट, मी जनरल प्रॅक्टिस करतो, रोज पेशंट वर पाठवतो, त्यामुळे तुमचा राग मला ठाऊक आहे. पण उलटं बघा. आकडे कागदावर असतील तर तुम्हीच विचारू शकता: “काल गुण किती होते, आज किती, कशाचे वाढले?” ‘सिरियस आहे’ यावर वाद घालता येत नाही. श्वास १८ वरून २८ झाले यावर घालता येतो, आणि पटवताही येतं.

धाग्यात डेंगी आला नाही म्हणून लिहितो, कारण आपल्याकडे पावसाळा सरता सरता हीच रांग लागते. डेंगीत धोका ताप असताना कमी, ताप उतरताना जास्त. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप खाली येतो, घरचे पेढे वाटायच्या तयारीत, आणि त्याच वेळी रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. नातेवाईकांचं सगळं लक्ष प्लेटलेटवर. दिवसातून तीनदा विचारतात, “डॉक्टर, पेशी किती?” बीपी कुणी विचारत नाही.

बीपीत वरचाच आकडा बघून भागत नाही. १००/८४ हे बीपी घ्या. वरचे १०० बघून कुणी घाबरणार नाही. पण दोन आकड्यांतलं अंतर फक्त १६ आहे. डेंगीत हे अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की पेशंट शॉकमध्ये चाललाय, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होतंय, असं धरायचं. हात-पाय गार पडतात, पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी होते. बाईंच्या पद्धतीत खालच्या आकड्याला गुणच नाहीत, तेव्हा डेंगीच्या वॉर्डात नुसत्या बेरजेवर विसंबू नका. बाई रागावणार नाहीत अशी आशा आहे.

इन्चार्जबाई

रागावते कशाला, बरोबर आहे. तसंच सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना ही पद्धत लावायचीच नाही. मुलांचे श्वास आणि नाडी वयाप्रमाणे बदलतात, त्यांचे तक्ते वेगळे. बाळंतिणींचेही वेगळे. बाळंतपणानंतर मी मुलींना एक भागाकार करायला लावते: नाडी भागिले वरचं बीपी. नाडी १०८, बीपी ११० म्हणजे जवळजवळ एक. दोन्ही आकडे सुटे बघितले तर कुणी हलत नाही. ०.९ च्या पुढे गेलं की चादर उचलून बघायचं, किती रक्त गेलंय. चादर न उचलता “ब्लीडिंग नॉर्मल” लिहिणाऱ्या मुलीला मी वॉर्डाबाहेर काढलेलं आहे.

होटगीरोड

मी सॉफ्टवेअरवाला, क्षमा असावी. पण हे सगळं हाताने कशाला? गादीखाली किंवा छातीवर सेन्सर, श्वास आणि नाडी आपोआप, बेरीज मशीन करेल, सिस्टरच्या मोबाईलवर अलार्म. सगळ्यांचे श्वास सरसकट २० लिहिण्याचा प्रश्नच मिटला.

रात्रपाळी

@होटगीरोड, कधी आयसीयूत अर्धा तास उभे राहा. कुठलातरी अलार्म सतत वाजत असतो. बोटाचा चिमटा निसटला तरी वाजतो, पेशंट खोकला तरी वाजतो. थोड्या वेळाने कान बंद होतात.

आणि ‘मशीन ओळखेल’ यावर पण जरा सबुरीने. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत रक्तातला जंतुसंसर्ग आधी ओळखणारी एक संगणक प्रणाली लावली होती. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी आपल्या पेशंटांवर तपासून २०२१ मध्ये निकाल छापला. जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी दोनतृतीयांश तिच्या हातून निसटले होते, आणि तरीही तिच्या सूचनांचा मारा चालूच होता.

मोजणी आपोआप झाली तर मला आनंदच आहे. पण अलार्म वाजल्यावर येणार कोण, हे आधी ठरवा. ऑस्ट्रेलियात २३ रुग्णालयांत, बिघडणाऱ्या पेशंटकडे धावून जाणाऱ्या टीमचा मोठा प्रयोग झाला, २००५ मध्ये निकाल आला, आणि टीम असलेल्या व नसलेल्या रुग्णालयांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. निकष पूर्ण झालेल्या कित्येक पेशंटांसाठी टीमला बोलावलंच गेलं नव्हतं.

पूर्वभाग

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. आम्ही पद्मशाली. आमचे नाना आयुष्यभर मागावर, मराठी कळतं पण बोलणं सगळं तेलुगूत. लघवीच्या त्रासासाठी ॲडमिट होते. ताप नाही, बीपी ठीक. रात्री सिस्टर येऊन “काय आजोबा, बरं आहे का” म्हणाल्या, नाना भरभर काहीतरी बोलले, सिस्टर हसून “छान” म्हणून पुढे गेल्या.

मी शेजारीच होतो. नाना म्हणत होते, धोटा कुणीतरी लपवून ठेवलाय, मालकाला सांगून मला पगार द्यायला लाव. मालक वारून किती वर्षं झाली. आणि मध्येच शब्द तुटत होते, जे नानांचं कधीच होत नाही. सिस्टरांना वाटलं म्हातारा गप्पा मारतोय. त्यांचा काय दोष, भाषाच येत नाही.

मी मागे लागून डॉक्टरांना बोलावलं. साखर बघितली, ठीक होती. मग रक्त तपासलं, जंतू रक्तात गेले होते. नाना घरी आले, आता परत पगार मागतात, पण माझ्याकडे. सांगायचं एवढंच की सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातली किती म्हातारी माणसं अशी असतील.

इन्चार्जबाई

@पूर्वभाग, तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या.

‘न्यूज’च्या २०१७ च्या सुधारणेत हीच गोष्ट घातली. नव्याने सुरू झालेला गोंधळ, बरळणं, माणसं न ओळखणं, याला थेट ३ गुण. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही, बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीही वाढत नाही, पहिली खूण बऱ्याचदा हीच असते. पण ‘नव्याने’ हे कळणार कुणाला? ज्याला जुना माणूस ठाऊक आहे त्याला. इंग्लंडच्या पुस्तकात हे सोपं वाटतं. आपल्या गावात एका वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांचे पेशंट असतात, आणि लातूर-नांदेडहून आलेल्या माझ्या मुलींना त्यातली एक नीट येते.

तिकडेही घरच्यांचं ऐकायची सोय करावीच लागली. मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये लंडनच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने गेली. आई-वडील सांगत होते की ती बिघडतेय. वेळेत अतिदक्षता विभागात नेलं असतं तर बहुधा वाचली असती, असं चौकशीत निघालं. आईने पाठपुरावा केला आणि २०२४ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ लागू व्हायला लागला. उपचार करणारी टीम ऐकत नसेल तर घरचे थेट दुसऱ्या तज्ज्ञ टीमला बोलावू शकतात.

आपल्याकडे पेशंटजवळ चोवीस तास घरचं माणूस असतं. तिकडच्या वॉर्डांत एवढे डोळे कुठे असतात? आपण त्या माणसाला औषधाची चिठ्ठी घेऊन पळवतो आणि राउंडच्या वेळी बाहेर काढतो.

भुईकोट

बाई, हे चांगलंय. पण सरकारी असो की खाजगी, “सिस्टर, बघा ना” म्हटलं की “तुम्ही बाहेर थांबा” ऐकावं लागतं. आम्ही नेमकं बोलायचं काय? आणि उद्या काही झालं तर “तुम्ही का नाही सांगितलं” असं आमच्यावर ढकलू नका म्हणजे झालं.

इन्चार्जबाई

ढकलायचं अजिबात नाही. मोजणं आणि धावणं हे आमचं काम, त्याचा पगार आम्ही घेतो. तुम्ही जास्तीचा डोळा.

बोलताना ‘बरोबर वाटत नाही’ याच्यापुढे एक पाऊल जा. काय बदललं आणि केव्हापासून, ते सांगा. “सकाळी स्वतः उठून संडासला गेले, दुपारपासून कूस बदलताना धाप लागतेय.” “सकाळपासून लघवीच झाली नाही.” “मला ओळखत नाहीत.” जमलं तर झोपेत असताना छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण मिनिट मोजा. त्यांना सांगून मोजू नका, मोजतोय कळलं की श्वासाची चाल बदलते. आम्ही नाडी धरल्यासारखं करून छातीकडे बघतो. पंचविसाच्या वर आकडा आला तर पुन्हा एकदा मोजा आणि सिस्टरला वेळेसकट सांगा.

आणि माझ्या मुलींना डॉक्टरांना कॉल द्यायला मी असं शिकवते: “सर, फीमेल सर्जिकल, कॉट १४. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. सहा वाजता गुण २ होते, आता ७ आहेत. श्वास २८, नाडी १२४, वरचं बीपी १०४, सॅच्युरेशन ९५, शुद्धीवर, ताप नाही. मला वाटतं आत काहीतरी गळतंय. तुम्ही दहा मिनिटांत याल का, की मी सिनिअर सरांना फोन करू?” शेवटचं वाक्य म्हणताना नव्या मुलींचा आवाज कापतो. पण तेच वाक्य महत्त्वाचं. सिनिअरांना परस्पर फोन केल्याबद्दल सिस्टरला बोलणी बसणार नाहीत, एवढं लेखी देणारं व्यवस्थापन मिळालं तर निम्मं काम झालं.

रात्रपाळी

सिनिअरांना फोन करण्याबद्दल आम्हालाही बोलणी बसतात, ते पण त्या लेखीत घाला.

शेंगाचटणी

आत्ता आईचे मोजले, झोपलीय. १७. आईला न सांगता मोजायला लई मजा आली.

पूर्वभाग

बाई, परवानगी कसली, वाचून दाखवा. माझ्याकडून एक करतो. गोंधळ ओळखायला विचारायचे प्रश्न तेलुगूत, पण देवनागरीत लिहून देतो, म्हणजे सिस्टरांना वाचता येतील. आज कुठला वार, तुम्ही कुठे आहात, सोबत कोण आहे, असे.

इन्चार्जबाई

नक्की द्या. फक्त ‘कुठला वार’ काढा. वॉर्डात चार दिवस पडलेल्या धडधाकट माणसालाही वार आठवत नाही, मलाही नाही आठवणार. त्याऐवजी थोरल्या मुलाचं नाव, घर कुठल्या पेठेत, काम काय करत होते. उत्तर बरोबर आहे का ते घरच्याला विचारायचं, म्हणजे तिथेही तो लागतोच.

अक्कलकोट_लाइन

कन्नडचं मी बघतो, माझे निम्मे पेशंट तेच बोलतात. उर्दूला कोण आहे?

होटगीरोड

उर्दू आमच्या ऑफिसातला मित्र करेल. सगळं एका पानावर बसवून प्रिंटला देतो. अलार्म नाही टाकत त्यात.